दोन स्प्रिंगा, दोन दाढा

हे लिहायला बसण्याआधी मी साहेबांची परवानगी घेतली. फोनवर ते म्हणाले, "लिहा की मॅडम. नाव-गाव तेवढं टाकू नका. आन् मी वरडलो असं लिहू नका." दोन्ही अटी मी मान्य केल्या. पहिली पाळणं सोपं आहे. दुसरीही तशी अवघड नाही, कारण त्यांनी त्या दिवशी जो आवाज काढला त्याला ओरडणं म्हणता येत नाही. खालच्या मेडिकलवाल्याला वाटलं, आमच्या खुर्चीचा कॉम्प्रेसर गेला.

माझा दातांचा दवाखाना बीडमध्ये, त्या मेडिकलच्या वर आहे. चौदा पायऱ्या चढाव्या लागतात. सव्वीस वर्षं झाली, पण अजूनही अधूनमधून एखादा माणूस मला बघून विचारतो, "डॉक्टर कधी येणार?" मी म्हणते, "आल्यात." मग तो माझ्या मागे बघतो. माझ्या मागे मावशी असतात. मावशी माझ्याकडं आल्या त्याला वीसेक वर्षं झाली. अवजारं उकळणं, पेशंटचं डोकं धरणं, रडणाऱ्या पोरांना दटावणं आणि रडणाऱ्या बापांना समजावणं ही सगळी कामं त्यांची. जिना चढणाऱ्याच्या पावलांवरून दाढ वरची की खालची हे ओळखता येतं, असं त्यांचं म्हणणं आहे. बऱ्याचदा चुकतं, पण त्या ते धरत नाहीत.

त्या सोमवारी जिन्यावर इतकी पावलं वाजली की मावशी म्हणाल्या, "ही दाढ न्हाई मॅडम. ही मिरवणूक हाय."

बारा माणसं वर आली. पांढरे कपडे, गळ्यात गमजे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मधोमध साहेब. मांजरसुंब्याच्या पलीकडच्या एका गावचे बडे बागायतदार, एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले आणि पुन्हा उभं राहायच्या तयारीत असलेले. हायवेवरच्या फ्लेक्सवर मी त्यांना रोज बघायची. तिथं ते हातात तलवार घेऊन उभे असत. इथं ते गालाला रुमाल लावून उभे होते. सगळ्यांच्या मागून त्यांची बायको आली, हातात कापडी पिशवी घेऊन. खुर्च्या कार्यकर्त्यांनी भरल्या होत्या. मावशींनी आतून स्टूल आणून तिला दिलं.

साहेबांना बोलायची गरजच पडली नाही. बाकीचेच बोलत होते.

"साहेबांची दाढ काढायची. आत्ताच्या आत्ता. चारला सभा हाय."

"साहेबांना दुखाया नको बगा."

"इंजेक्शन जरा भारीतलं मारा, मॅडम. सादं नको."

आणि ते सगळेच्या सगळे खुर्चीच्या खोलीत शिरायला निघाले. एकानं मोबाइल आडवा धरून शूटिंग सुरूही केलं. मावशी दारात उभ्या राहिल्या. "आत चपला चालत न्हाईत. काढून या." सगळे शिस्तीत मागं फिरले, वाकून चपला काढायला लागले, आणि मावशींनी दार लावून घेतलं. तरी दोघं निसटून आत राहिलेच.

साहेबांना मी खुर्चीत बसवलं. उजवीकडची खालची दाढ. किडून नुसतं कवच उरलं होतं, शेजारची हिरडी सुजली होती. ती काढण्याशिवाय इलाज नव्हता. पण दाढ बघायच्या आधी मी माणूस बघते, निदान प्रयत्न करते. मी वही उघडली आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. शुगर आहे का?

"न्हाई," एक कार्यकर्ता म्हणाला.

ब्लडप्रेशर?

"छ्या!" दुसरा म्हणाला.

हृदयाचा काही त्रास? रक्त पातळ व्हायची गोळी? आधी कधी जखम झाल्यावर रक्त थांबलं नाही असं झालंय? कुठल्या इंजेक्शनची रिॲक्शन आली होती?

"मॅडम, साहेबांची तब्येत म्हंजे लोखंड हाय लोखंड." पहिला हे इतक्या अभिमानानं म्हणाला की जणू त्यानंच ते ओतलं होतं. साहेब छताकडं बघत होते. मी त्यांना थेट विचारलं, "कुठली गोळी चालू आहे का?"

"पित्ताची. कदीमदी," साहेब म्हणाले. रुमालातून आलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

मी दंडाला पट्टा गुंडाळून ब्लडप्रेशर मोजलं. एकशे नव्वद आणि एकशे दहा. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. खालचा आकडा तोच, वरचा दोननं कमी.

"मशीन बिघडलंय," दुसरा कार्यकर्ता म्हणाला आणि मशीनचा खोटेपणा सिद्ध करायला त्यानं स्वतःची बाही वर केली. त्याचं भरलं एकशे वीस, ऐंशी. कसलीही खोट नाही. तो बिचारा ओशाळला. साहेबांपेक्षा आपली तब्येत चांगली निघाली हे त्याला अजिबात बरं वाटलं नाही. "मी आज चहा घेतला न्हाई, म्हनून," तो म्हणाला.

मी सांगितलं, "एवढं प्रेशर असताना मी दाढ काढत नाही."

"मॅडम, साहेब कोन हायेत ते तुमाला माहीत हाय ना?"

"माहीत आहे. म्हणून दोनदा मोजलं."

तेवढ्यात मावशींनी मला हाक मारली. अवजारं उकळायची आमची एक बोळाएवढी खोली आहे. तिथं साहेबांची बायको उभी होती, पदर खांद्यावर घट्ट ओढून. ती इतकं हळू बोलत होती की मला वाकून ऐकावं लागलं.

"डॉक्टर, यांना दोन स्प्रिंगा बसवल्यात."

"कुठं?"

तिनं छातीकडं बोट केलं. "वरीस झालं. संभाजीनगरला. गावात सांगितलं, बालाजीला गेलतो. मग टक्कल करावं लागलं. लाडू बी वाटावे लागले. ते मी घरीच वळले." पिशवीतून तिनं चूर्णाच्या गोळ्यांची एक प्लास्टिकची डबी काढली. डबीत चूर्ण नव्हतं. कुठली गोळी कशाची ते तिनं एकेक दाखवून सांगितलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या, कोलेस्टेरॉलच्या होत्या, ब्लडप्रेशरच्या होत्या. पाकिटं, नावं दिसू नयेत अशी बेतानं कापलेली. "मी सांगितलं म्हनू नका. तिकिटाचं चाललंय. हार्टचा पेशंट म्हणलं की तिकीट पुतन्याला जातंय."

मी परत आले. तपासणी आहे म्हणून त्या दोघांना बाहेर पाठवलं आणि खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले.

"साहेब, आता इथं तुम्ही आणि मी. ती पित्ताची गोळी दाखवा बरं."

त्यांनी दाराकडं बघितलं. "तुमाला कुनी काय सांगितलं का?"

"मला कुणी सांगायची गरज नाही. मी दाढ काढायची, रक्त थांबायचं नाही, मग ते रक्तच सगळ्यांना सांगेल. सभेत, माइकसमोर."

साहेबांनी रुमाल खाली घेतला आणि फ्लेक्सवर कधीही न दिसलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "दोन हायेत. स्प्रिंगा." मग लगेच, मार्ग काढायची सवय असल्यामुळं, "त्याचं काय एवढं न्हाई. रक्ताची गोळी मी चार दिस बंद करतो. मग काढा."

हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. दाढेचं रक्त मला दाबून, टाका घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्यामुळं स्प्रिंगेत गाठ झाली तर मी काय करणार? "ती गोळी आपल्या मनानं एक दिवससुद्धा बंद करायची नाही," मी म्हणाले आणि त्यांच्यासमोरच संभाजीनगरच्या त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, रक्ताची गोळी चालूच ठेवा, प्रेशर आटोक्यात आल्यावर काढा, बधिर करायचं औषध बेतानं वापरा. आणि त्यांनी विचारलं, "प्रेशरची गोळी घेतात का ते?"

मी साहेबांना विचारलं.

"घेत न्हाई," साहेब म्हणाले. "ती घेतली की सारखं लघवीला जावं लागतंय. दौऱ्यात कसं जमंल? दर गावात उतरलो की लोक म्हणत्याल, साहेब आमच्या गावात फक्त यासाठीच येतो."

ती गोळी आजपासून रोज घ्यायची, दुखण्यासाठी मी दिलेली साधी गोळीच घ्यायची, बाजारातलं काही नाही, आणि गुरुवारी सकाळी यायचं, असं ठरलं. आता प्रश्न उरला बाहेरच्यांना काय सांगायचं. तो मला पडला होता, साहेबांना नाही. ते ताठ होऊन बाहेर गेले आणि म्हणाले, "मॅडमनी गुरुवारचा मुहूर्त दिलाय. आज अमावस्या हाय."

त्या दिवशी अमावस्या नव्हती. पण बाराच्या बारा माना हलल्या. एक जण म्हणाला, "तरीच म्हणलं मशीन एवढं वर का दाखवायलंय."

गुरुवारी ते आले तेव्हा घामानं भिजले होते आणि ओठ पांढरे पडले होते. मी घाबरले. मशीनवाला कार्यकर्ता पुढं होऊन म्हणाला, "साहेबांनी रातच्यापासून पान्याचा थेंब घेतला न्हाई, मॅडम. ऑपरेशनची सगळी तयारी करून आणलंय."

"कुणी सांगितलं उपाशी यायला?"

सांगणारे बरेच निघाले. प्रत्येकाच्या मेव्हण्याचं कधी ना कधी ऑपरेशन झालेलं होतं. मी समजावून सांगितलं: ते पूर्ण भूल द्यायच्या ऑपरेशनला. इथं फक्त दाढेपुरती जागा बधिर करायची आहे, माणूस जागाच राहणार. उपाशीपोटी आणि त्यात घाबरलेला माणूस सुईकडं बघतो आणि चक्कर येऊन पडतो. खाऊन, सकाळच्या गोळ्या घेऊनच यायचं. "घाबरलेला" हा शब्द कार्यकर्त्यांना आवडला नाही. साहेबांनी तो ऐकला नाही असं दाखवलं.

बायकोनं पिशवीतून डबा काढला. दुधात मळलेल्या दशम्या होत्या, मऊ. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं आणल्या होत्या. साहेबांनी डाव्या बाजूनं चावत दीड दशमी खाल्ली, गोळ्या घेतल्या, पाऊण तास बसले. मग प्रेशर भरलं एकशे चाळीस. रंगही परत आला.

आत घेतल्यावर मी त्यांना प्रत्येक गोष्ट आधी सांगितली. हिरडीला आधी मलम लावते, त्यानं सुईची बोच कमी होईल. औषध हळूहळू सोडते. ओठ जाड झाल्यासारखा वाटेल, तो जाड होत नाही. काढताना दाब जाणवेल, कटकट आवाज येईल, पण दुखायचं नाही. जरा जरी दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन.

"सुई केवढी हाय?" साहेबांनी विचारलं.

"बघू नका."

"न्हाई, केवढी हाय ते तरी सांगा."

मावशींनी त्यांच्या डोळ्यांवर हळूच पट्टी ठेवली आणि स्वतःचा हात त्यांच्या हातात दिला. पुढं दोन दिवस मावशींना त्या हातानं पोळी लाटता आली नाही.

सुई टोचताना तो आवाज झाला, कॉम्प्रेसरचा. त्यानंतर काही नाही. मी दहा मिनिटं थांबले. ओठ बधिर झाला का विचारलं, टोकदार अवजारानं हिरडी दाबून बघितली, पुन्हा थांबले, पुन्हा दाबून बघितली. मग दाढेला हात घातला. साहेबांनी एकूण पाच वेळा हात वर केला. पहिल्यांदा मी काही केलंच नव्हतं. दुसऱ्यांदा खिशातला फोन थरथरला म्हणून. तिसऱ्यांदा, बाहेर आवाज जातोय का हे विचारायला. चौथ्यांदा नुसतंच, मी खरंच थांबते का बघायला. दर वेळी मी थांबले. पाचव्यांदा हात वर करून त्यांनी जड जिभेनं विचारलं, "कदी काढनार?"

"काढली. टाके घालते आहे."

त्यांनी पट्टी सरकवून ट्रेमधली दाढ बघितली. "एवढीच?" ते म्हणाले. चांगलेच नाराज झाले.

जखमेवर कापसाची घडी ठेवून मी त्यांना सांगितलं, ही दातांखाली घट्ट दाबून धरायची. पाऊण तास तोंड उघडायचं नाही. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, तंबाखूचं नावही काढायचं नाही. आणि गोळ्यांमुळं रक्त नीट थांबेपर्यंत तासभर इथंच बसायचं. साहेब बाहेर आले आणि कार्यकर्त्यांनी जयघोष केला. उत्तरादाखल त्यांना काही बोलता येईना, म्हणून त्यांनी हात हलवला. "साहेब म्हनत्यात, पेढे आना," एक जण म्हणाला. साहेबांनी मान जोरात नाकारार्थी हलवली. "पेढे नको म्हनत्यात. जिलबी आना." दोघं जिना उतरून गेलेसुद्धा. तिसऱ्यानं आधार म्हणून खिशातून तंबाखूची पुडी काढली. ती मावशींनी अशी काही घेतली की त्यानं परत मागितली नाही.

त्या तासाभरात मावशी माझ्याकडं आल्या. "मॅडम, त्या वहिनींची बी दाढ हाय. आपल्याला सांगंना झाल्यात. सोमवारपासून बघायलेय मी, डाव्या अंगानं पानी बी पीत न्हाईत."

मी तिला आत बोलावलं. डावीकडची खालची दाढ अर्धी तुटलेली होती, आत किडलेली. फोटो काढून बघितला, मुळाशी पू धरलेला. वाचण्यासारखी नव्हती. शुगर नाही, प्रेशर नाही, कुठली गोळी नाही, हे तिनं स्वतः सांगितलं आणि मी मोजूनही बघितलं. सकाळी जेवली होती. "आजच काढू या का?" मी विचारलं.

"तुमाला येळ असंल तर," ती म्हणाली. "त्यांचं हुईस्तर."

आता पुढचं लिहिताना मला जरा जड जातंय, पण सोडून देता येत नाही. मी तिला इंजेक्शन दिलं. ती हलली नाही. मावशी मागं अवजारं आवरत होत्या. बाहेर खुर्च्या सरकत होत्या, जिलबी आली होती, खाली कुणीतरी जीपचा हॉर्न वाजवत होतं. मी चारपाच मिनिटांत विचारलं, "बधिर झालं का?" तिनं मान हलवली. मी एकदा हिरडीला अवजार लावलं, ती काही बोलली नाही, आणि मी दाढ धरली. साहेबांना सांगितलेलं हाताचं वगैरे मी तिला सांगितलंच नव्हतं. उलट मनात म्हणत होते, किती शांत बाई आहे, अशी माणसं खुर्चीत असली की काम कसं सुरेख होतं. अशा पेशंटच्या कागदावर मी "सहकार्य चांगलं" असं लिहीत असे.

"मॅडम, थांबा," मावशी म्हणाल्या.

मी मागं बघितलं. मावशी तिच्या पायांकडं बघत होत्या. दोन्ही पायांची बोटं इतकी आवळली होती की जोडवी मांसात रुतली होती. मग मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. चेहरा तसाच होता. फक्त एका डोळ्यातून पाणी कानाकडं गेलं होतं.

"दुखतंय का?"

"थोडं. चालू द्या. बाहेर वाट बघायलेत."

मी अवजार खाली ठेवलं. हातमोजे काढले. सव्वीस वर्षांत किती बायकांनी या खुर्चीत बोटं आवळली असतील आणि मी कागदावर "सहकार्य चांगलं" लिहिलं असेल, हा हिशेब त्या वेळी नको वाटला. मी म्हणाले, "चूक माझी झाली. मी नीट थांबले नाही, नीट विचारलं नाही. अजून एक इंजेक्शन देते, सावकाश. मग पंधरा मिनिटं आपण नुसतं बसू. बाहेरच्यांना जिलबी आहे."

पू धरलेल्या दाढेला औषध लवकर लागत नाही हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्या पंधरा मिनिटांत मी तिच्याशी बोलले.

"कधीपासून दुखत होती?"

"संक्रांतीपासून."

"एवढे महिने? सांगितलं का नाही घरी?"

ती थोडी हसली. "आदी यांच्या स्प्रिंगांचं चाललं होतं. मग तिकिटाचं सुरू झालं. आता सांगावं म्हणलं तर यांचीच दाढ दुखाया लागली. एका घरात दोन दोन दाढा कशा दुखायच्या?"

तेवढ्यात दार उघडून साहेब आत डोकावले. गाल फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं. मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत त्यांनी "हूं? हूं?" केलं. मावशी म्हणाल्या, "साहेब, तोंड उघडू नका, रगत निघंल. बसा जाऊन." आणि साहेब गेले. त्या दिवसाइतका त्या माणसाचा आज्ञाधारकपणा पुन्हा कुणाला बघायला मिळाला नसेल.

नंतर मी ओठ विचारला, जीभ विचारली, हिरडी तीन ठिकाणी दाबून बघितली. मावशी तिच्या पायांपाशी उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "हात वर केलात तर मी थांबेन. संकोच करू नका, माझं कामच आहे ते." तिनं एकदा हात वर केला, अगदी कोपरापर्यंतच, आणि लगेच खाली घेतला. मी थांबले. "काय झालं?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "दुखंना झालंय, ते सांगायचं होतं."

दाढ निघाली. तिच्या तोंडातही कापसाची घडी गेली. ती बाहेर आली तेव्हा कार्यकर्ते उठून उभे राहिले, पण साहेबांसाठी. मग एकाचं लक्ष तिच्या गालाकडं गेलं. "वहिनीसाहेबांना काय झालं?" त्यानं साहेबांना विचारलं. साहेबांचं तोंड बंद. त्यानं वहिनींना विचारलं. त्यांचंही तोंड बंद. शेवटी त्यानं जिलबीवाल्याला विचारलं. तोवर दोघं जिना उतरून जीपमध्ये बसले होते, शेजारी शेजारी, गाल धरून. मांजरसुंब्यापर्यंत कुणीही कुणाशी बोललं नसणार.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं, "साहेबांवर यशस्वी शस्त्रक्रिया, प्रकृती स्थिर." दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. साहेबांना बघायला सकाळपासून माणसं येत होती, आणि ती चहा करत होती. "डॉक्टर, गरम काही घेऊ नका म्हणलात. मी घेत न्हाई. पन चुलीपाशी उभं ऱ्हायलं तर चालतं का?" मी म्हणाले, आज आराम करायला हवा, वाकू नका, सांगा घरात. ती म्हणाली, "तुमीच सांगा त्यांना." तिनं फोन साहेबांकडं दिला. मी जरा कडक बोलले. पुढचा चहा, मला नंतर कळलं, मशीनवाल्या कार्यकर्त्यानं केला. लोक लवकर उठून गेले म्हणे.

पुढं आरक्षणाची सोडत निघाली आणि साहेबांचा गट महिलांसाठी राखीव झाला. स्प्रिंगा, टक्कल, लाडू, चूर्णाची डबी, सगळं एका चिठ्ठीनं वाया गेलं. तिकीट पुतण्याला गेलं नाही. ते बायकोला मिळालं. हायवेवर नवा फ्लेक्स लागला. त्यात साहेब मोठे होते आणि ती कोपऱ्यात, गोलात. पण गोल निवडून आला.

परवा साहेब पुन्हा आले, डावीकडची एक दाढ भरायला. सोबत एकच जण होता, तोही खाली गाडीत बसलेला. वही उघडायच्या आतच त्यांनी बाहेरच्या खोलीत, चार पेशंटसमोर, खणखणीत आवाजात यादी सांगितली, "रक्त पातळ व्हायची एक, प्रेशरची एक, चरबीची एक. दोन स्प्रिंगा. लिहून घ्या." बाकावरचे दोन म्हातारे कौतुकानं बघायला लागले. त्यातल्या एकाला स्वतःलाही एक स्प्रिंग होती. त्याचं आणि साहेबांचं पुढं बरंच जमलं.

भरायच्या आधी दाढ बधिर करावी लागली. औषध लागायची वाट बघत आम्ही बसलो होतो, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. स्क्रीनवर बायकोचा फोटो होता. तिचा फोन आता त्यांच्याकडंच असतो. मला वाटलं, नेहमीसारखे पलीकडच्याला तिथल्या तिथं निर्णय देऊन टाकतील. पलीकडून कुणीतरी बरंच बोललं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ओठ एका बाजूला ओघळलेला असतानाच, जमेल तितक्या भारदस्तपणे म्हणाले, "न्हाई, त्या मीटिंगला गेल्यात. त्यांना इचारून सांगतो. मी मॅडमचे मिस्टर बोलतोय."